व्यक्ती : संविधानाचे एकक

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. २० मार्च १९२७ हा दिवस आपण दरवर्षी स्मरतो. मात्र त्या दिवसानंतर त्याच तळ्यासाठी न्यायालयात सुमारे दहा वर्षे जो दावा चालला, त्याची माहिती फारच थोड्यांना असते. व्यक्तीचे हक्क म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी त्या दाव्याइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही. म्हणून या लेखाचा प्रारंभ तेथूनच करतो.

मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावानुसार सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्यांना खुली असल्याचे मान्य केले. महाडच्या नगरपालिकेनेही त्यास अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्याचे पाणी प्याले तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले आणि पुढे काही सवर्ण नागरिकांनी दिवाणी न्यायालयात धाव घेतली. तळे आमच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी त्याला स्पर्श न करण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, असा त्यांचा दावा होता. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. विजय मिळाला, आनंद झाला. पण निकालाचा आधार काय होता? वादींना तळ्याची मालकी सिद्ध करता आली नाही आणि ती रूढी अनादिकालापासूनची आहे हेही सिद्ध करता आले नाही. म्हणजे तहानलेला मनुष्य हा मनुष्य आहे म्हणून त्याला पाणी पिण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. तसे म्हणण्यासाठी लागणारा कायदाच त्या वेळी अस्तित्वात नव्हता. समजा, वादींनी जुने कागद आणून रूढीचे प्राचीनत्व सिद्ध केले असते, तर काय झाले असते? या प्रश्नाने आजही मन अस्वस्थ होते.

संविधानाने नेमका हा प्रश्नच बदलून टाकला. रूढी किती जुनी आहे हे विचारायचे कारण उरले नाही. व्यक्तीच्या हक्काशी ती विसंगत आहे काय, एवढेच विचारायचे. हा बदल कसा घडला, त्याचा अर्थ काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा थोडक्यात परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

गाव की व्यक्ती?

घटना समितीचे कामकाज ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झाले. मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभागृहापुढे विचारार्थ मांडला. त्या मसुद्यावर अनेक सदस्यांचा आक्षेप होता की यात भारतीय असे काहीच नाही. राज्यव्यवस्थेची उभारणी ग्रामपंचायतींच्या पायावर व्हायला हवी होती, गाव हेच राज्याचे मूळ एकक असायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी या आक्षेपाला अत्यंत रोखठोक उत्तर दिले. गावाविषयीच्या भाबड्या प्रेमाचा त्यांनी समाचार घेतला, गाव हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर असल्याचे सांगितले आणि मसुद्याने गावाला बाजूस सारून व्यक्तीला एकक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले.

या भूमिकेमागे अनुभव होता. गावात मनुष्याची ओळख त्याच्या नावाने होत नसे, जातीने होत असे. त्याचे घर कोठे असावे, त्याने कोणत्या पाणवठ्यावर जावे, कोणते काम करावे, कोणाच्या पंगतीत बसावे, हे सारे तो जन्माला येण्यापूर्वीच ठरलेले असे. गाव एकक ठरले असते तर गावाचे हे नियमही गावाच्या स्वायत्ततेच्या नावाखाली टिकले असते. व्यक्ती एकक ठरल्यामुळे राज्यसंस्थेने वाड्याशी आणि वाडीशी वेगवेगळा हिशेब न ठेवता प्रत्येक मनुष्याशी सरळ नाते जोडले. एक व्यक्ती, एक मत हा त्याचा राजकीय आविष्कार होता. मूलभूत हक्क हा त्याचा कायदेशीर आविष्कार होय.

ग्रामपंचायतींचा आग्रह अगदीच निष्फळ ठरला असे मात्र नाही. सभागृहाने त्यांना निदेशक तत्त्वांत, आजच्या अनुच्छेद ४० मध्ये, स्थान दिले आणि १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने त्यांना घटनात्मक दर्जाही मिळाला. परंतु या पंचायती व्यक्तीच्या हक्कांच्या चौकटीत राहूनच काम करतात. हक्क आधी, पंचायत नंतर, हा क्रम कायम राहिला.

हक्कांची रचना

संविधानाच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क ग्रथित केलेले आहेत. त्यांचे वाचन करताना एक शब्दभेद विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावा. काही अनुच्छेद ‘नागरिक’ हा शब्द वापरतात, तर काही ‘व्यक्ती’ हा शब्द. भाषण, संघटना, संचार, व्यवसाय यांचे स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ आणि सार्वजनिक नोकरीत समान संधी देणारा अनुच्छेद १६ हे नागरिकांसाठी आहेत. मात्र कायद्यापुढील समानता देणारा अनुच्छेद १४, जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य यांचे रक्षण करणारा अनुच्छेद २१ आणि सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद २५ हे ‘व्यक्ती’साठी आहेत. भारताच्या भूमीवर असलेला परदेशी प्रवासी असो, निर्वासित असो वा तुरुंगातील कैदी असो, त्यालाही त्यांचे संरक्षण मिळते. मनुष्य असणे एवढी एकच पात्रता येथे पुरेशी आहे.

अनुच्छेद १३ सांगतो की या हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत असेल. या अनुच्छेदात ‘कायदा’ या शब्दाची व्याख्या करताना कायद्याचे बळ असलेल्या रूढीचा आणि परिपाटीचाही समावेश केलेला आहे. चवदार तळ्याचा दावा आठवावा, म्हणजे या एका व्याख्येचे मोल ध्यानात येईल. वादींनी ज्या रूढीचा आधार घेतला होता, ती आता कितीही प्राचीन असल्याचे सिद्ध झाले तरी न्यायालयात उभी राहू शकत नाही. शिवाय अनुच्छेद १५ चा दुसरा खंड दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबरच विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचाही नावानिशी उल्लेख करतो. महाडचे पाणी संविधानाच्या पानावर पोहोचले ते असे.

हक्क निरंकुश नसतात, हेही येथेच सांगितले पाहिजे. अनुच्छेद १९ मधील प्रत्येक स्वातंत्र्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, देशाची सुरक्षितता अशा ठरावीक कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात. मसुद्यावर टीका झाली होती की एका हाताने दिलेले हक्क अपवादांच्या रूपाने दुसऱ्या हाताने काढून घेतले आहेत. बाबासाहेबांनी अमेरिकेतील न्यायनिर्णयांचा दाखला देऊन दाखवून दिले की तेथेही हक्क निरपवाद नाहीत; तेथे मर्यादा न्यायालयांनी घातल्या, येथे त्या संविधानातच लिहिल्या आहेत. निर्बंध वाजवी आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार मात्र न्यायालयाकडे राहिला. म्हणजे सरकारने ‘आम्हाला आवश्यक वाटले’ असे म्हणणे पुरेसे नाही, त्याला कारण द्यावे लागते.

एका अनुच्छेदाचा प्रवास

व्यक्तीच्या हक्कांचा इतिहास सरळ रेषेत पुढे गेलेला नाही. अनुच्छेद २१ चा प्रवास पाहिला की हे पटते. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे हा अनुच्छेद सांगतो. ‘कार्यपद्धती’ या शब्दावर घटना समितीतच वाद झाला. कायदेमंडळाने अन्यायी कार्यपद्धती घालून दिली तर व्यक्तीने काय करायचे, असा तो प्रश्न होता. या बाबतीत आपण कोंडीत सापडलो असल्याची कबुली बाबासाहेबांनी डिसेंबर १९४८ मध्ये सभागृहात दिली होती. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी आजचा अनुच्छेद २२ मांडला आणि अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे ही संरक्षणे त्यात घालून ती उणीव काही अंशी भरून काढली.

१९५० मध्ये साम्यवादी नेते ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बहुमताने निर्णय झाला की कायदेमंडळाने रीतसर संमत केलेला कायदा आहे एवढे पुरे. तो न्याय्य आहे का हे अनुच्छेद २१ खाली तपासता येणार नाही. न्यायमूर्ती फजल अली यांनी या मताशी असहमती नोंदविली. ते अल्पमतात राहिले.

पुढे आणीबाणी आली. विनाचौकशी तुरुंगात डांबलेल्या अनेकांनी उच्च न्यायालयांत अर्ज केले आणि नऊ उच्च न्यायालयांनी ते ऐकण्यायोग्य मानले. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चारास एक अशा बहुमताने ठरविले की आणीबाणीत राष्ट्रपतींचा आदेश अमलात असेपर्यंत अशा स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. हा खटला ‘एडीएम जबलपूर’ या नावाने ओळखला जातो. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी विरुद्ध मत दिले. पुढील वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे मत मात्र वाया गेले नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली.

त्याच वर्षी जानेवारीत मेनका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात न्यायालयाने गोपालन खटल्यातील दृष्टिकोन सोडून दिला. कार्यपद्धती केवळ कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे, असा सिद्धांत मांडला गेला. या सिद्धांतातून पुढे जलद सुनावणी, मोफत कायदेशीर साहाय्य, उपजीविका, प्रतिष्ठेने जगणे अशा अनेक हक्कांना वाट मिळाली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींच्या याचिकेत खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. त्याच निकालात एडीएम जबलपूरचा निर्णय चुकीचा असल्याचेही स्पष्ट केले गेले. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निर्णय चुकीचा ठरविणारे निकालपत्र त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. पित्याच्या निर्णयातील दोष पुत्राने दाखवावा आणि त्यात कोणालाही वावगे वाटू नये, ही कायद्याच्या राज्याची खूण आहे.

या प्रवासातून एक धडा घ्यावयाचा तो हा की हक्क लिहिल्याने मिळतो, पण टिकतो तो मागितल्याने. गोपालन हरले, आणीबाणीतील स्थानबद्ध हरले. तरी त्यांनी मागणी केली म्हणूनच पुढच्यांना उत्तर मिळाले.

तीन भावंडांचा खटला

आपल्यासारख्या शाळेच्या स्मरणिकेत एका शाळेतील प्रसंगाचा उल्लेख केला नाही तर हा लेख अपुरा राहील. १९८५ साली केरळमधील एका शाळेत तीन भावंडे शिकत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती इतरांबरोबर आदराने उभी राहत, पण गात नसत. ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची होती आणि आपल्या ईश्वराच्या प्रार्थनेखेरीज अन्य काही गाणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. शाळेने त्यांना काढून टाकले. उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे.

न्यायालयाची विचारसरणी समजण्यास सोपी आहे. राष्ट्रगीत गायलाच हवे, असे सांगणारा कोणताही कायदा नाही. आदराने उभे राहणे हा पुरेसा सन्मान आहे. मुलांची श्रद्धा प्रामाणिक आहे. मग केवळ एका विभागीय सूचनेच्या आधारे त्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही.

तुम्हाआम्हांला राष्ट्रगीत गाण्यात अभिमान वाटतो आणि वाटावाच. त्या मुलांची श्रद्धा आपल्याला पटते की नाही, हा येथे प्रश्न नाही. शाळेत शेकडो मुले गात होती आणि तीन मुले गात नव्हती. शेकडोंना संरक्षणाची गरज नव्हती, ती तिघांना होती. मूलभूत हक्क हा मुळात अल्पमतातील माणसासाठी असतो, मग तो अल्पमतात एकटाच का असेना. आणखी एक गोष्ट. ही मुले अज्ञान होती, तरी हक्काची धनी होती. मूल म्हणजे उद्याचा नागरिक, असे आपण समारंभांत म्हणतो. संविधानाच्या दृष्टीने ते आजच ‘व्यक्ती’ आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद २१-क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देतो आणि त्यानुसार झालेला २००९ चा कायदा शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करतो. निवासी शाळेत शिस्त हवीच. पण शिस्त आणि प्रतिष्ठा यांची सांगड घालणे ही आपणा शिक्षकांची घटनात्मक जबाबदारी आहे.

आपल्याच माणसांपासून संरक्षण

पाश्चात्त्य देशांत मूलभूत हक्कांचा विचार झाला तो मुख्यतः राजसत्तेपासून व्यक्तीचे रक्षण करण्यासाठी. भारतात एवढ्याने भागणार नव्हते. येथे व्यक्तीला राजापेक्षा समाजाचे भय अधिक होते. म्हणून आपल्या संविधानातील काही हक्क सरकारप्रमाणेच खाजगी व्यक्तींवरही बंधनकारक आहेत. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७, सार्वजनिक स्थळांचा वापर खुला करणारा अनुच्छेद १५ चा दुसरा खंड आणि वेठबिगारीला मनाई करणारा अनुच्छेद २३ ही त्याची ठळक उदाहरणे होत. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबविणे हीदेखील वेठच आहे, असे ठरविले. पोटाची भूक हीसुद्धा सक्तीच असते, हे न्यायालयाने ओळखले.

तरीही समूह विरुद्ध व्यक्ती हा झगडा संपलेला नाही. मुंबई प्रांताने १९४९ साली धार्मिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला. आपल्या धार्मिक बाबींचा कारभार पाहण्याचा पंथाचा हक्क त्यात मोडतो, असे कारण दिले गेले. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांचे मत वेगळे होते. बहिष्कृत मनुष्याची स्थिती अस्पृश्यासारखी होते, हे त्यांनी जाणले होते. २०२३ मध्ये या प्रश्नाचा फेरविचार मोठ्या खंडपीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या करुण कहाण्या महाराष्ट्रात एकामागून एक उजेडात आल्या आणि विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला. तो २०१७ पासून अमलात आहे. बहिष्कार टाकणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विवाहाच्या बाबतीतही २०१८ च्या ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात न्यायालयाने बजावले की दोन सज्ञान व्यक्तींनी विवाह करण्याचे ठरविल्यावर कुटुंबाची वा पंचायतीची संमती लागत नाही.

येथे आपणही आत्मपरीक्षण करावे. अन्याय सोसलेला समाज आपल्या हक्कांविषयी जागरूक असतो, असावाच. परंतु आपल्याच घरातील मुलीने पोटजातीबाहेर विवाह ठरविला, आपल्याच सभेत कोणी वेगळे मत मांडले, तर तेथे आपण व्यक्तीच्या बाजूने उभे राहतो की समूहाच्या? संविधान जो हक्क आपल्याला गावाविरुद्ध देते, तोच हक्क ते त्या मुलीला आपल्याविरुद्ध देते. यातून कोणालाही सूट नाही.

आरक्षण आणि व्यक्ती

एक शंका विद्यार्थी हमखास विचारतात. व्यक्ती हे एकक असेल तर आरक्षण जातीच्या आधारे कसे? १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास राज्यातील महाविद्यालयीन प्रवेशांची जातवार विभागणी याच तर्काने रद्द केली होती. त्यानंतर लगेच पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ चा चौथा खंड जोडला गेला.

शंकेचे उत्तर असे आहे. व्यक्तीला तिच्या जातीमुळे शाळेबाहेर ठेवले गेले होते, तिने स्वतः काही केले म्हणून नव्हे. जो अडथळा समूहाच्या नावाने उभा केला, तो दूर करताना त्या समूहाचे नाव घेणे अपरिहार्य आहे. औषध देताना रोगाचे नाव घ्यावेच लागते. मात्र लाभ अखेर व्यक्तीलाच पोहोचतो. जागेवर बसते ती एक विद्यार्थिनी, जात बसत नाही. १९७५ च्या एन. एम. थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने याच दिशेने विचार मांडला. अशा तरतुदी समानतेला अपवाद नसून समानता प्रत्यक्षात आणण्याची ती एक रीत आहे, हा विचार तेथून दृढ झाला.

सद्सद्विवेकाची किंमत

अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकबुद्धीचे आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे स्वातंत्र्य देतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी व त्यांच्या लाखो अनुयायांनी या स्वातंत्र्याचा जो उपयोग केला, तो सर्वश्रुत आहे. परंतु त्या निर्णयाची कायदेशीर किंमत किती मोजावी लागली, याची नव्या पिढीस कल्पना नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू नसलेली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नसे. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव मतदारसंघातून निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांची निवड, त्यांनी जाहीरपणे बौद्ध धर्म स्वीकारला होता या कारणास्तव, सर्वोच्च न्यायालयात रद्दबातल ठरली. धर्म बदलला म्हणून वस्ती बदलली नव्हती, शेजाऱ्यांची वागणूक बदलली नव्हती. तरी कायद्याच्या लेखी मनुष्य बदलला. १९९० मध्ये त्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. तोवर ३४ वर्षे उलटली होती. आपल्या आजोबांच्या पिढीने विवेकाचा हक्क बजावला आणि त्यासाठी सवलतींवर पाणी सोडले, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे.

दाद मागण्याचा हक्क

हक्काबरोबर उपाय नसेल तर तो हक्क म्हणजे केवळ सुविचार. अनुच्छेद ३२ अन्वये मूलभूत हक्काचा भंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते आणि तसे जाणे हाही मूलभूत हक्कच आहे. उच्च न्यायालयांना अनुच्छेद २२६ अन्वये असाच अधिकार आहे. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा आणि हृदय असे संबोधिले होते. न्यायालय जे आदेश काढते त्यांपैकी ‘हेबियस कॉर्पस’ हा सर्वांत परिचित. बेकायदा डांबलेल्या मनुष्याला न्यायालयापुढे हजर करा, असा त्याचा अर्थ. ‘मँडॅमस’ या आदेशाने अधिकाऱ्याला त्याचे कायदेशीर कर्तव्य पार पाडण्यास भाग पाडता येते.

हे दार केवळ श्रीमंतांसाठी नाही. तिहार तुरुंगातील सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले. स्वतःसाठी नव्हे, शेजारच्या कोठडीतील माणसासाठी लिहिलेले ते पत्र होते. हक्काची भाषा स्वार्थाची असते, असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

समारोप

संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा आणि बंधुता हे दोन शब्द एकाच ओळीत गुंफलेले आहेत. ते योगायोगाने शेजारी आलेले नाहीत. दुसऱ्याची प्रतिष्ठा आपल्याला प्रिय नसेल तर आपली प्रतिष्ठा राखायला केवळ पोलीस आणि न्यायालय उरतात, आणि ते सर्वत्र पोहोचू शकत नाहीत. संवैधानिक नीती ही निसर्गतः येत नाही, ती अभ्यासाने रुजवावी लागते, असे बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितले होते. ती रुजविण्याची जागा न्यायालयाच्या आधी शाळा आहे. वसतिगृहाच्या खोलीत, भोजनगृहाच्या रांगेत, वर्गातील चर्चेत, जेथे एक मुलगा वेगळा वागतो आणि बाकीचे त्याला वेगळे राहू देतात, तेथे ती रुजते.

या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने संविधानाचा तिसरा भाग एकदा तरी स्वतः वाचावा. फार तर दोन संध्याकाळी लागतील. वाचताना ‘व्यक्ती’ हा शब्द आला की क्षणभर थांबावे आणि त्या जागी आपले नाव ठेवून पाहावे. त्यानंतर ज्याच्याशी आपले मुळीच पटत नाही, अशा एखाद्याचे नाव ठेवून पाहावे. दोन्ही वेळा वाक्य तितकेच खरे वाटले, तर संविधान आपल्याला समजले असे म्हणता येईल.